मुलीला चार महिने नुसतं वर्तुळावर फिरवतायत, कोच बदलू का?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लेक साडेनऊ वर्षांची आहे, इंदिरानगरला दोन वर्षं क्वाड स्केट्सवर, म्हणजे चार चाकांच्या बुटांवर शिकतेय. नवे सर आले आणि गेले चार महिने ते तिला फरशीवर रंगवलेल्या वर्तुळावर एका पायानं फिरवतायत. उडी नाही, स्पिन नाही, गाणं नाही. ती मोबाइलवर बर्फावरचं फिगर स्केटिंग बघते, तिथं वर्तुळावर फिरणारं कुणीच दिसत नाही. तुम्ही शोध घेतलात तेव्हा कळलं की बर्फावर हा प्रकार १९९० मध्येच बंद झालाय. म्हणून तुम्ही विचारताय की सर जुनाट आहेत का, कोच बदलावा का, आणि मुळात चाकांवरच्या या खेळाला फिगर स्केटिंग म्हणायचं तरी का.

मी नाशिकमध्ये बावीस वर्षं आर्टिस्टिक स्केटिंग, म्हणजे चाकांवरचं फिगर स्केटिंग शिकवते. कोच बदलायचा की नाही, हे मी इथं बसून सांगणार नाही. तुमची फरशी कशी आहे, आठवड्यात किती दिवस क्लास असतो, सर पोरांशी कसं बोलतात, लेकीला स्पर्धा खेळायच्यात की संध्याकाळचा एक तास मजेत घालवायचाय, या सगळ्यावर ते ठरतं. पण मला वाटतं, खरी अडचण कोचची नाहीच. वर्तुळावर फिरून ती काय कमावतेय ते तुम्हाला दिसत नाही, आणि बहुधा तिलाही कुणी सांगितलेलं नाही. चार महिने अर्थ न कळता पाढे म्हणायला लावले तर कुठलंही पोर कंटाळेल. तो अर्थ सांगायचा तर जरा मागं जावं लागतं, कारण या खेळाचं नावच त्या वर्तुळावरून पडलंय.

एका पालकांनी मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं, ‘मॅडम, यानं मुलींची फिगर चांगली होते म्हणून याला फिगर स्केटिंग म्हणतात ना?’ नाही हो. फिगर म्हणजे आकृती. पायानं बर्फावर काढलेली आकृती.

बाराव्या शतकातल्या लंडनचं वर्णन विल्यम फिट्झस्टीफन यानं लिहून ठेवलंय. शहराबाहेरची दलदल हिवाळ्यात गोठली की तिथली पोरं जनावरांची हाडं पायाला बांधायची आणि लोखंडी टोकाची काठी बर्फावर रेटत सुसाट जायची. हाडाला धार नसते. काठीशिवाय पुढं सरकता येत नाही आणि मनासारखं वळताही येत नाही. पुढं डच लोकांनी लाकडी तळाला लोखंडी पातं बसवलं आणि सगळं बदललं. पात्याला कड आली, पाय जरा कलता करून बर्फाला रेटा देता यायला लागला आणि काठीची गरज संपली. कडेवर कललेल्या माणसाला मात्र सरळ जाताच येत नाही. तो बाहेरच्या कडेवर असो की आतल्या, त्याच्या पायाखाली वर्तुळाचा तुकडाच उमटतो. लेकीला एवढं एक वाक्य आज सांगा: कललीस की वर्तुळ होणारच. बाकीचा खेळ त्यातूनच निघालाय.

अठराव्या शतकातल्या एडिनबरोच्या स्केटिंग क्लबात प्रवेशासाठी परीक्षा होती. आधी डाव्या आणि उजव्या, दोन्ही पायांवर एकेक पूर्ण वर्तुळ काढून दाखवायचं. मग बर्फावर ठेवलेल्या एका टोपीवरून उडी, मग एकावर एक ठेवलेल्या दोन टोप्यांवरून, मग तीन. क्रम बघा. वर्तुळ आधी, उडी नंतर. तुमचे सर अजाणता अडीचशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश क्लबाचाच नियम पाळतायत. इंग्लंडमध्ये १७७२ मध्ये रॉबर्ट जोन्स या तोफखान्यातल्या अधिकाऱ्यानं स्केटिंगवर पुस्तक लिहिलं, तेही कडा आणि वळणं यांचंच. पुढं इंग्रजांनी या प्रकाराला इतकी शिस्त लावली की चार-सहा जण ताठ मानेनं, हात अंगालगत ठेवून, बर्फावर ठेवलेल्या एका संत्र्याभोवती एकाच वेळी आकृत्या काढायचे. संत्रं म्हणजे केंद्रबिंदू. आमच्या क्लासला पूर्वी मी केंद्रावर पाण्याची बाटली ठेवायचे, तोच प्रकार.

या ताठपणाला सुरुंग लावला जॅक्सन हेन्स या अमेरिकन माणसानं. त्याच्या अंगात नृत्य होतं. अमेरिकेत त्याच्या नाचऱ्या स्केटिंगचं फारसं कौतुक झालं नाही, म्हणून तो १८६० च्या दशकात युरोपात गेला. व्हिएन्नात लोक वॉल्ट्झच्या तालावर जगायचे, त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पाती पट्ट्यांनी बांधण्याऐवजी त्यानं ती बुटाला स्क्रूनं पक्की केली, त्यामुळे उडी मारली तरी पातं निसटायची भीती राहिली नाही. बसून घ्यायची गिरकी, म्हणजे सिट स्पिन, हीही त्याचीच. १८७५ मध्ये फिनलंडमध्ये तो वारला. आज टीव्हीवर तुमची लेक जे बघते, ते संगीत, पोशाख, हातांची लय, त्याचं मूळ हेन्सकडे जातं. पण त्यानंही वर्तुळं सोडली नव्हती. व्हिएन्नावाल्यांनी त्याचा नाच आणि जुनी आकृतींची शिस्त एकत्र शिजवली.

मग स्पर्धा आल्या. १८८२ मध्ये व्हिएन्नातल्या मोठ्या स्पर्धेत अ‍ॅक्सेल पॉल्सन या नॉर्वेच्या खेळाडूनं पुढं तोंड करून झेप घेतली आणि हवेत दीड फेरा मारून उलटा उतरला, तोही शर्यतीच्या लांब पात्यांवर. तीच अ‍ॅक्सेल उडी. १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली आणि १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्यात चारच जण उतरले होते.

या काळातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधली आहे. तेव्हा हिवाळी ऑलिंपिक नव्हतंच, फिगर स्केटिंग उन्हाळी ऑलिंपिकमध्ये होतं, कृत्रिम बर्फाच्या रिंकवर. त्यात ‘विशेष आकृती’ नावाची वेगळी स्पर्धा होती. खेळाडूनं आधी कागदावर आपली नक्षी काढून परीक्षकांना द्यायची आणि मग तीच नक्षी बर्फावर एका पायानं कोरून दाखवायची. रशियाचा निकोलाय पानिन जिंकला. त्याच्या त्या आकृत्यांची चित्रं आजही बघायला मिळतात. पाकळ्या, चोची, एकमेकांत गुंतलेले फास. आपल्याकडे पाडव्याच्या सुमारास गोदाकाठी महारांगोळी काढतात ना, तिच्यातला एखादा कोपरा उचलून ठेवावा तसं दिसतं. फरक इतकाच की रांगोळी चिमटीतून पडते आणि ही पायाखालून उमटायची. मी पोरींना पानिनची नक्षी दाखवते आणि सांगते, हे बोटानं काढून बघा आधी. अर्ध्या जणींना कागदावरही जमत नाही.

त्याच वर्षी मॅज सायर्स या इंग्लिश बाईनं महिलांचं सुवर्ण जिंकलं. तिची गोष्ट लेकीला सांगण्यासारखी आहे. १९०२ मध्ये ती लंडनच्या जागतिक स्पर्धेत थेट पुरुषांमध्ये उतरली, कारण बायकांनी उतरू नये असं नियमांत कुठं लिहिलंच नव्हतं. दुसरी आली. तिच्या पुढं फक्त स्वीडनचा उलरिक साल्को होता, ज्याच्या नावाची उडी आपण आजही मारतो. त्यानंतर मंडळींनी घाईघाईनं बायकांना बंदी केली. एक कारण असं दिलं गेलं की लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत. पाय दिसणं एवढं महत्त्वाचं, कारण परीक्षा कडेची होती! शेवटी १९०६ पासून महिलांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. पुढं नॉर्वेची सोनिया हेनी आली. १९२४ मध्ये ऑलिंपिकला उतरली तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि शेवटची आली होती. नंतर सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि दहा जागतिक विजेतेपदं. मुलींनी आखूड स्कर्ट आणि पांढरे बूट घालायची रीत तिच्यामुळे रुळली. तुमच्या लेकीचे बूट पांढरे असतील तर ते हेनीचं देणं समजा.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. बर्फावर हे आकृतींचं प्रकरण नेमकं कसं चालायचं?

ठरलेल्या एकेचाळीस आकृत्या होत्या. बहुतेक दोन किंवा तीन एकमेकांना चिकटलेली वर्तुळं, म्हणजे आठाचा आकडा किंवा त्याचा लांबट भाऊ. एका वर्तुळाचा व्यास साधारण स्वतःच्या उंचीच्या तिप्पट. त्यात कधी तीनच्या आकड्यासारखं वळण म्हणजे थ्री टर्न, कधी ब्रॅकेट, रॉकर किंवा काउंटर अशी दुसरी वळणं, कधी छोटा लूप म्हणजे फास. एकदा काढायची, मग त्याच रेघेवरून पुन्हा, पुन्हा. खेळाडूचं झालं की परीक्षक बर्फावर उतरायचे, वाकायचे, काही जण गुडघ्यावर बसून रेघा बघायचे. तिन्ही रेघा एकावर एक बसल्यात का, कुठं पातं सपाट पडून दुहेरी रेघ आलीय का, वळणाचं टोक स्वच्छ आहे का. बर्फ खोटं बोलत नाही. सराव पहाटे, स्वच्छ बर्फावर, प्रत्येकाला बर्फाचा एक पट्टा वाटून दिलेला. माणूस बोलत नाही, संगीत नाही, फक्त पात्याची खरखर. आपल्या शब्दांत सांगायचं तर कित्ता गिरवणं.

आणि हे किरकोळ नव्हतं. १९६८ पर्यंत एकूण गुणांपैकी ६० टक्के या कित्त्याला होते. अडचण झाली टीव्हीमुळे. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शूबा आकृतींमध्ये इतकी पुढं निघून गेली की मुक्त स्केटिंगमध्ये, म्हणजे गाण्यावरच्या उड्या-गिरक्यांत, सातवी येऊनही सुवर्ण तिलाच मिळालं. अमेरिकेची जॅनेट लिन मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आली आणि कांस्यावर थांबली. घरी बसलेल्या प्रेक्षकांनी आकृतींचा भाग पाहिलेलाच नव्हता. त्यांना वाटलं, हा काय अन्याय! मग आकृतींचे गुण टप्प्याटप्प्यानं कमी होत गेले, मधे शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे ठरावीक उड्या-गिरक्यांची छोटी फेरी, आणला गेला, आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृती गेल्या. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. फक्त एक लक्षात घ्या की त्या गेल्या त्या पडद्यावर दिसेनात म्हणून. शिकवायला उपयोगी नाहीत असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. काही वेडे लोक अजून त्या जपतात. अमेरिकेत लेक प्लॅसिडला २०१५ मध्ये फक्त आकृतींची जागतिक स्पर्धा सुरू झाली, तीही काळ्या बर्फावर, म्हणजे पांढरी रेघ स्पष्ट दिसावी म्हणून.

परीक्षेतून आकृती गेल्या तरी कड खेळातून गेलेली नाही. लेक व्हिडिओ बघेल तेव्हा तिला उतरणारा पाय बघायला सांगा. जवळपास प्रत्येक उडी कुठं उतरते? उलट्या दिशेनं, एका पायावर, बाहेरच्या कडेवर. म्हणजे मागे जाणाऱ्या बाहेरच्या वर्तुळाच्या एका तुकड्यावर. ते वर्तुळ ज्याला शांतपणे धरता येत नाही, त्याला हवेत चार फेरे मारता आले तरी उतरता येणार नाही. इल्या मालिनिननं २०२२ मध्ये स्पर्धेत पहिल्यांदा साडेचार फेऱ्यांची अ‍ॅक्सेल मारली, तीही शेवटी त्याच कडेवर उतरली. उडी घेतानाही तेच. लुट्झ ही उडी मागे जाणाऱ्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते. बरेच जण ऐन वेळी आतल्या कडेवर घसरतात, कारण तिथून फिरणं सोपं जातं. परीक्षक हे पुन्हा पुन्हा व्हिडिओ फिरवून बघतात आणि गुण कापतात. पूर्वी परीक्षक बर्फावर वाकून बघायचे, आता पडद्यावर वाकून बघतात, एवढाच फरक.

आता चाकं. चाकांचे बूट अठराव्या शतकापासून होते, पण त्यांना वळता येत नव्हतं. जॉन जोसेफ मर्लिन नावाच्या संशोधकाची गोष्ट सांगतात की तो लंडनच्या एका मेजवानीत चाकांच्या बुटांवर व्हायोलिन वाजवत शिरला आणि थांबता-वळता न आल्यानं थेट महागड्या आरशावर जाऊन आदळला. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं बुटाखाली दोन जोड्या चाकं बसवली आणि मधे रबराची उशी दिली. आपण ज्याला ट्रक म्हणतो तो हाच. पाय कलला की रबर दबतं, चाकांचा कणा तिरका होतो आणि स्केट वळणावर जातो. थोडक्यात, पात्याला जी कड होती ती प्लिम्प्टननं चाकांना दिली. म्हणून बर्फावरच्या आकृती जशाच्या तशा फरशीवर उतरल्या. १९४७ मध्ये आर्टिस्टिक रोलर स्केटिंगची पहिली जागतिक स्पर्धा झाली. बर्फानं आकृती सोडल्या, पण चाकांनी त्या सोडल्या नाहीत. आपल्याकडच्या आर्टिस्टिकच्या स्पर्धांत ‘फिगर’ हा प्रकार वेगळा असतो, तुमच्या सरांची वर्तुळं तिथूनच आलीयत. टो लूप या उडीला चाकांवरची जुनी मंडळी अजून ‘मेप्स’ म्हणतात, हाही आपल्या घराण्याचा वेगळेपणा.

तर चाकांवरच्या याला फिगर स्केटिंग म्हणावं का? माझ्या मते आज ‘फिगर’ हा शब्द शब्दशः लागू पडतो तो चाकांनाच. बर्फवाल्यांकडे नाव उरलंय, आकृती आमच्याकडे आहेत. हे वाचून बर्फवाले मला शिव्या देतील, देऊ देत.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगते. बर्फावर पाटी कोरी असते. आकृती तुम्हीच काढायची, आणि मग आपल्याच रेघेला जागायचं. आपल्याकडे वर्तुळ आधीच रंगवलेलं असतं, मोठं सहा मीटर व्यासाचं आणि लूपचं छोटं २.४ मीटरचं, आणि ती रेघ डाव्या-उजव्या चाकांच्या मधून जात राहिली पाहिजे. म्हणून आपली पोरं गिरवण्यात पटाईत होतात, पण रेघ काढून घेतली की बावरतात. यावर उपाय आहे, तो पुढं सांगते.

आता माझीच चूक. शिकवायला लागले तेव्हा मला वाटायचं, पालक पैसे देतात ते उड्यांसाठी. कॉलनीतला एक मुलगा माझ्याकडे यायचा, अंगानं हलका, घाबरट अजिबात नाही. सहा महिन्यांत मी त्याला साल्कोपर्यंत नेलं. गॅदरिंगमध्ये टाळ्या पडल्या. मग पहिल्या मोठ्या स्पर्धेत परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की याचा निम्मा फेरा जमिनीवरच होतो आणि उतरताना पाय सपाट पडतो. मी घरी येऊन व्हिडिओ बघितला. खरंच होतं. तो कडेवरून उडतच नव्हता, दोन्ही खांदे फिरवून अंग फेकत होता. ती सवय मोडायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत त्याला मी काय शिकवलं? वर्तुळ. बाहेरची एज (म्हणजे कड) पुढं, आतली एज पुढं, मग मागं, मग थ्री टर्न. जे सहा महिन्यांत हसत झालं असतं ते दोन वर्षांत रडत झालं. तेव्हापासून माझ्याकडे वर्तुळ आधी.

पण याचा अर्थ तुमचे सर शंभर टक्के बरोबर आहेत असाही नाही. साडेनऊ वर्षांच्या मुलीला तासभर फक्त वर्तुळ, तेही चार महिने, मी देत नाही. माझ्याकडे त्या वयाला तासातली वीस-पंचवीस मिनिटं फिगर असते, सुरुवातीला, पाय ताजे असताना. मग दोन पायांवरच्या छोट्या उड्या, वॉल्ट्झ जंप या अर्ध्या फेऱ्याच्या उडीची तयारी, बसकी स्थिती, आणि शेवटची दहा मिनिटं गाणं लावून हवं ते. गाणं बंद असलं की पोर टिकत नाही. स्पर्धा दोन महिन्यांवर असेल किंवा तिला आधीपासून चुकीची सवय लागली असेल, तर मात्र मीही काही आठवडे सगळं थांबवून वर्तुळावर आणते. तुमच्याकडे यातलं काय आहे ते सरांनाच विचारा. ‘उड्या कधी?’ असं विचारू नका, त्यानं कुठलाही कोच चिडतो. ‘सध्या ती कुठल्या एजवर अडकलीय?’ असं विचारा. जे सर चटकन ‘डावी आतली, मागे जाताना, खांदा उघडतो’ असं काहीतरी सांगतील, त्यांच्याकडे मुलगी निर्धास्त ठेवा. ‘अहो बेसिक आहे, करावंच लागतं’ एवढंच उत्तर आलं, तर जरा विचार करा.

एक गोष्ट आधी तपासा, कारण याच कारणानं पोरं महिनोन्‌महिने अडकलेली मी पाहिलीत. तिच्या स्केट्सचे ट्रक किती घट्ट आहेत? नवे स्केट्स दुकानातून येतात ते बरेचदा इतके आवळलेले असतात की हलक्या अंगाच्या मुलीनं कितीही कललं तरी रबर दबतच नाही. मग ती गुडघ्यानं, कमरेनं, हातांनी वळायला बघते आणि आपण म्हणतो हिला जमत नाही. स्केट हातात धरून चाकं डावी-उजवीकडे कलवून बघा. काहीच हलत नसेल तर सरांना सांगून नट थोडे सैल करून घ्या. थोडे म्हणजे पाव-पाव फेरा, एकदम नाही, नाहीतर स्केट लडबडतो. शिवाय फिगरसाठी पुढचा टो स्टॉप, म्हणजे बोटांपुढचा रबरी ब्रेक, काढून टाकायची पद्धत आहे, तेही विचारा. कोटा फरशी असेल तर चाकांची पकड वेगळी लागते, सिमेंटवर वेगळी. तिथं ठोक उत्तर मी देत नाही, फरशी बघितल्याशिवाय बोलणं चूक.

आणि आता कोऱ्या पाटीचा उपाय. बर्फावर रेघ उमटते म्हणून खेळाडूला आपली चूक दिसते. आपल्याला ती दिसत नाही. मी एक ओलं फडकं घट्ट पिळून फरशीवर पसरते, पोरगी हळू वेगात त्यावरून जाते आणि पुढं कोरड्या फरशीवर एका पायानं कलते. तीन-चार फूट ओलसर रेघ उमटते. तेवढी पुरते. गोल आलीय की मधेच सरळ झालीय, लगेच कळतं. पोरींना हे इतकं आवडतं की वर्तुळाचा कंटाळा विसरतात. वेग अगदी कमी ठेवा, ओल्या चाकावर पाय सटकतो, आणि हेल्मेट, मनगटाचे गार्ड काढू देऊ नका. एकदा मी अतिशहाणपणा करून फडक्याऐवजी रांगोळी भुरभुरली होती. रेघ सुंदर आली. पण मीच आपटले, आणि सगळ्यांच्या बेअरिंगची वाट लागली. ते करू नका.

राहिलं बर्फाचं. तुम्ही लिहिलंय की ती ‘मला खऱ्या बर्फावर जायचंय’ म्हणते. आपल्याकडे बर्फाच्या नावानं निफाडच्या द्राक्षबागांत पारा उतरला की पहाटे पानांवर गोठलेलं दव दिसतं, तेवढंच. शेतकरी बिचारा तेही घालवायला शेकोट्या पेटवतो. देशात मात्र सोय आहे. शिमल्यात १९२० पासून नैसर्गिक बर्फाचं रिंक आहे, थंडीत रात्री पाणी गोठवतात आणि सकाळ-संध्याकाळ स्केटिंग चालतं. लडाखमध्ये गोठलेल्या पाण्यावर खेळ होतात, गुरुग्रामला मॉलमध्ये रिंक आहे, डेहराडूनला २०११ मध्ये बांधलेलं मोठं रिंक आहे. चाकांवरून बर्फावर गेलेल्या मुलांना झोक, कड आणि उडीची कल्पना सोबत नेता येते. थांबणं नव्यानं शिकावं लागतं, आणि स्पिनसाठी पात्याचा तो एक बिंदू सापडायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी सगळे धडपडतात, माझ्या चांगल्या पोरीही कठडा धरून चालल्या होत्या. पण बर्फाशिवाय काही मोठं होत नाही, असंही तिला वाटू देऊ नका. हैदराबादचा अनुप कुमार यामा चाकांवरच खेळला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं एकेरीत आणि अवनी पांचाळसोबत जोडीत अशी दोन कांस्यं आणली, आणि पुढं २०१५ चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. हैदराबादला तरी कुठं बर्फ पडतो?

तिला आवडेल असं आणखी एक. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या जोडीनं आइस डान्समध्ये लोकनृत्याच्या फेरीसाठी हिंदी चित्रपटगीतं निवडली होती. तिनं लेहेंग्यासारखा पोशाख केला होता, हातांच्या मुद्रा नीट शिकून आली होती. त्यांना रौप्य मिळालं. तो व्हिडिओ दोघी-तिघी पोरींना एकत्र दाखवा आणि आवाज बंद करून फक्त पाय बघायला सांगा. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर किती वेळा जातात ते मोजायला लावा. माझ्याकडच्या पोरी मोजता मोजता भांडायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून वर्तुळावर उभ्या राहतात.

घरी सराव करायचा असेल तर पार्किंगमध्ये मधे एक जण दोरीचं टोक धरून उभा राहू दे, दुसऱ्यानं तीन मीटरवर खडू धरून गोल फिरायचं, की वर्तुळ तयार. गाड्या निघायच्या वेळा टाळा, वॉचमनला आधी सांगून ठेवा. आणि खडूच वापरा. आमच्या सोसायटीत मी पंधरा वर्षांपूर्वी ऑइलपेंटनं आखलेली दोन वर्तुळं अजून गेलेली नाहीत, आणि दरवर्षी वार्षिक सभेत कुणीतरी तो विषय काढतंच.